दिवा मोजणारी

१

नव्या गाड्यांना मिस्त्री हातच लावत नसत. आपल्याला काय दुखतंय हे सांगायलासुद्धा जिला दुसरं यंत्र लागतं ती गाडी कसली, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा जीव जुन्या गाड्यांवर. जुनी गाडी आपलं दुखणं आपणच सांगते, फक्त विचारायची रीत माहीत पाहिजे.

रीत अशी. बॉनेट उघडायचं. बॅटरीशेजारी एक काळी डबी असते, तिचं झाकण काढलं की आत बारीक भोकं दिसतात. त्यातली नेमकी दोन भोकं वाकवलेल्या तारेनं जोडायची आणि किल्ली फिरवायची, पण इंजिन सुरू करायचं नाही. मग स्टिअरिंगमागचा पिवळा दिवा, इंजिनाचं चित्र असलेला, तो लुकलुकायला लागतो. लांब लुकलुकला की दहा धरायचे, छोटा लुकलुकला की एक. दोन लांब आणि एक छोटा म्हणजे एकवीस. मग वही उघडायची आणि एकवीसपुढं काय लिहिलंय ते बघायचं. दिवा एकसारखा भराभर लुकलुकत राहिला तर गाडी ठणठणीत.

काम दोघांचं. भोकं झिजलेली असतात, तार हातानं दाबून धरावी लागते. म्हणजे एक माणूस बॉनेटखाली आणि दुसरा गाडीत बसून दिवा मोजणार. मधे बॉनेट उभं, त्यामुळं दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. आवाजावर कारभार.

मिस्त्रींची लेक सहा वर्षांची असल्यापासून हे मोजायचं काम करत आलेली. तिला घरात सगळे बायो म्हणत. आता तिलाच चार वर्षांची पोर होती, टिंगी. शुक्रवारी संध्याकाळी बायो टिंगीला घेऊन आली तीच मुळी पिवळा दिवा पेटवत. गाडी मिस्त्रींचीच, तीस वर्षांची, लेकीला दिलेली. नवऱ्यापासून वेगळी झाल्यापासून बायोचा सगळा भार त्या गाडीवर होता. सोमवारी सकाळी तिला नव्या नोकरीवर हजर व्हायचं होतं, आणि घरी जायचा पाच तासांचा रस्ता सगळा डोंगरातून, वळणावळणाचा.

"चढावर मिसिंग मारते बाबा. मधेच दम सोडते. मागं टिंगी बसलेली, माझा तर जीव वर-खाली होत होता."

"मी आहे ना? रविवारी लोण्यासारखी पळवतो की नाही बघ."

एक गोष्ट मात्र मिस्त्रींनी लेकीला सांगितली नव्हती. गेल्या वर्षभरात त्यांच्या दोन्ही डोळ्यांवर पडदा आला होता. मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हणजे आजकाल काय मोठं, पण डोळ्याला सुई म्हटलं की ह्या बाबाला दरदरून घाम फुटायचा. शिवाय लेकीला कळलं असतं तर तिनं गॅरेजला कुलूप घालून त्यांना आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी नेऊन बसवलं असतं. म्हणून मिस्त्री नट-बोल्ट बोटांनी ओळखत, माणसं आवाजानं ओळखत, आणि डोळे चांगले असल्याचं सोंग झकास वठवत.

शनिवारी सकाळी त्यांनी तार जोडली आणि हाक मारली, "बस गं गाडीत."

दार वाजलं. किल्ली फिरली.

"लांब," बायो म्हणाली. "लांब. छोटा. थांबला. परत... लांब, लांब, छोटा."

"एकवीस! सायलेन्सरच्या नळीतला सेन्सर. मला वाटलंच होतं."

"मग मला कशाला बसवलंत?" बायो हसत उतरली आणि टिंगीला उठवायला आत गेली.

२

तो सेन्सर मिस्त्रींच्या खोक्यात होताच. बसवायला तासभर लागला. मग त्यांनी बॅटरीची वायर दोन मिनिटं काढून ठेवली, म्हणजे गाडी जुनं दुखणं विसरते, आणि परत जोडून पुन्हा काळ्या डबीत तार खुपसली.

"बायो! जरा बस गं परत."

दार वाजलं. किल्ली फिरली.

"लांब," आवाज आला. "लांब. लांब. लांब."

मिस्त्री मनात मोजत राहिले. पाच, सहा, सात. त्यांच्या कपाळावर आठी पडली. आठ, नऊ. मग मोजणी थांबली.

"नऊ लांब? छोटा एकही नाही?"

थोडं थांबून परत पहिल्यापासून सुरू झालं. लांब, लांब, लांब. सकाळी बायो मोजताना मधेच जांभई देत होती, टिंगीला ओरडत होती. आता ती नुसती मोजत होती, मधे श्वाससुद्धा घेत नव्हती.

नव्वद. वहीतले आकडे त्रेपन्नाला संपतात, हे मिस्त्रींना तोंडपाठ होतं. "अगं, नीट बघून सांग," म्हणत त्यांनी तार काढली आणि फडक्याला हात पुसत ते बॉनेटच्या बाजूनं दाराशी आले.

गाडीत कोणी नव्हतं. किल्ली फिरवलेली होती. डोळे दगा देतात म्हणून त्यांनी आत हात घालून सीट चाचपली. सीट रिकामीच, पण पट्टा ओढून खटक्यात अडकवलेला होता, अंगावर घेतो तसा.

ते घरात गेले. मोरीचं दार उघडं होतं आणि बायो टिंगीच्या डोक्याला साबण लावत होती. टिंगी घर डोक्यावर घेऊन रडत होती.

"अगं, मोजता मोजता उठून आलीस?"

"मी? कधी?" बायोनं फेसाळ हात वर केले. "अर्धा तास झाला, ही बया मला सोडतेय का? हाक मारलीत होय तुम्ही? ऐकू नाही आलं."

आता मिस्त्री तरी काय सांगणार? गाडीतून तुझा आवाज आला, म्हणावं तर पुढचा प्रश्न ठरलेला: मग बाबा, गाडीत कोण आहे ते तुम्ही बघितलं नाहीत?

"काही नाही. चहा टाक म्हणायचं होतं," ते म्हणाले.

३

चहा पिता पिता मिस्त्रींनी मनाची समजूत काढली. ते नऊ लांब आपणच मनात मोजले असणार. पंचवीस वर्षं जो आवाज कानात बसलाय तो कान आपोआप वाजवतात. पट्टा सकाळी बायोनं सवयीनं लावला असेल. झालं. एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसायचं?

पण लागलीच बॉनेटखाली वाकायचा काही त्यांना धीर होईना. त्यांनी पाने पुसले. पुसलेले पाने परत पुसले. जेवण झाल्यावर, दुपारी तीनच्या सुमारास, बायो स्वयंपाकघरात नव्या नोकरीतल्या साहेबीणबाईंशी फोनवर बोलायला लागली, तेव्हा कुठं ते पुढं गेले. फोनवर बायोचा आवाज चढतो, तो अंगणात स्पष्ट ऐकू येत होता. "हो हो मॅडम, सोमवारी नऊच्या आधी. नाही, काही अडचण नाही."

टिंगी पायरीवर बसून चमच्यानं माती उकरत होती.

मिस्त्रींनी बॉनेट उचललं आणि दांडी लावली. काळ्या डबीला त्यांनी हात लावला नाही. तार त्यांच्या वरच्या खिशात होती. नुसत्या वायरी चाचपून बघू, म्हणून ते वाकले.

"लांब," गाडीतून आवाज आला.

मिस्त्रींचा हात जागच्या जागी थिजला.

"लांब. लांब."

"रविवारी संध्याकाळपर्यंत घरी पोचते मॅडम," स्वयंपाकघरातून बायो म्हणाली.

"लांब," गाडीतून बायो म्हणाली.

दोन्ही आवाज तिचेच. एक मागून, एक पुढून. त्यात तिळमात्र फरक नव्हता. त्यांनी खिशावर हात दाबला, तार तिथंच टोचली.

"आजोबा," पायरीवरून टिंगीनं विचारलं, "आई कधी थांबणार?"

"कुठली आई गं?" त्यांच्या तोंडून निघून गेलं. पोरगी त्यांच्याकडं नुसती बघत राहिली.

उभ्या बॉनेटच्या खालच्या कडेला बोटभर फट असते, तिथून पुढच्या काचेचा थोडासा तुकडा दिसतो. मिस्त्रींनी त्यातल्या त्यात बरा असलेला डावा डोळा त्या फटीला लावला. सगळं धुरकट होतं. स्टिअरिंगची काळी कड दिसली, आणि तिच्यावर हिरवी बाही. त्या बाहीतून आलेला हात. एक बोट दर मोजणीला स्टिअरिंगवर आपटत होतं, अगदी हलकं. बायोनं त्या दिवशी हिरवा स्वेटर घातला होता. मग ते बोट थांबलं. मोजणीही थांबली. बाही काचेच्या बाजूला, फटीच्या दिशेनं, हळूहळू पुढं सरकू लागली.

मिस्त्रींनी दांडी ओढली. बॉनेट धाडकन आपटलं.

काचेमागं काहीही नव्हतं. बायो फोन कानाला लावून धावत बाहेर आली. अंगात तोच हिरवा स्वेटर, हातात लसूण सोलायची सुरी.

"काय झालं? लागलं का बाबा?"

"हात सटकला," मिस्त्री म्हणाले.

४

त्या रात्री त्यांना झोप अशी लागलीच नाही. सकाळी उठून त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर बॅटरीची वायर काढून ठेवली.

"आज काही गाडी व्हायची नाही," ते चहाच्या वेळी म्हणाले. "एक पार्ट मागवावा लागेल. बसनं जा तुम्ही."

बायोनं कप खाली ठेवला. "बाबा, रविवारची बस आहे कुठं? आणि काल तर म्हणालात सेन्सर बसला म्हणून. उद्या हजर नाही झाले तर ती जागा गेली. टिंगीच्या शाळेचं सगळं मी त्या नोकरीच्या भरवशावर ठरवलंय."

"मी काय मुद्दाम करतोय?"

"तसं नाही म्हणत मी." ती त्यांच्याजवळ सरकली आणि त्यांच्या तोंडाकडं बघायला लागली. मिस्त्रींना तिचा चेहरा म्हणजे नुसता गव्हाळ ठिपका दिसत होता. "बाबा, खरं सांगा. तुम्हाला दिसतंय ना नीट? काल बॉनेट आपटलंत. भाजी समजून फडकं उचलत होतात."

"दिसतंय की! तुझ्या हनुवटीवरचा तीळसुद्धा दिसतोय. सांगू का किती केस आहेत त्यावर?"

बायो हसली नाही. "डोळ्यांच्या डॉक्टरकडं जाऊ आपण. मी पुढच्या महिन्यात येते आणि तुम्हाला घेऊनच जाते. बास झालं हे एकट्यानं राहणं."

झालं! ज्याची भीती तेच पुढं आलं. मिस्त्रींचा पारा चढला, आणि रागाच्या भरात माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. आपण धडधाकट आहोत हे दाखवायला ते तरातरा उठले. "गाडी हवी ना तुला? तासाभरात देतो. मग बोल माझ्या डोळ्यांबद्दल!"

अंगणात येऊन त्यांनी गाडीची चारही दारं उघडली. हातानं सगळ्या सीटा चाचपल्या, सीटांखाली हात घातला, डिक्की रिकामी केली, पायपुसणी झटकली. टिंगीची एक बिनबुचाची बाटली आणि बिस्किटाचा चुरा, बाकी काही नाही. ती त्यांची स्वतःची गाडी होती. तिचा स्क्रू न् स्क्रू त्यांच्या हाताखालून गेलेला.

तेव्हा त्यांना आपल्या परीनं उलगडा झाला. खोट गाडीत नाही, आपल्यात आहे. डोळे गेले, आता कानही चालले. म्हातारपणी माणसाला नाही नाही ते दिसतं, ऐकू येतं. आणि टिंगीचं काय, चार वर्षांची पोर, कशालाही आई म्हणेल. ह्या विचारानं त्यांना रडू आलं, पण सुटल्यासारखंही वाटलं. गाडी बरी असली म्हणजे झालं. पोरी सुखरूप पोचू देत, मग आपणच फोन करून बायोला सगळं खरं सांगू, असं त्यांनी अगदी मनापासून ठरवलं.

त्यांनी बॅटरी जोडली. काळ्या डबीत तार दाबली.

"बायो, बस गं. शेवटचं."

दार वाजलं. किल्ली फिरली.

"एकसारखा," आवाज आला. "एकसारखा लुकलुकतोय. थांबत नाही. सगळं ठीक आहे."

मिस्त्रींना एवढा आनंद झाला, काय सांगू! तरी त्यांनी घसा खाकरला. "बायो, तूच आहेस ना?"

"मीच की बाबा. दुसरं कोण?"

उठून चार पावलं गेलं की काम झालं असतं. ते गेले नाहीत. तिचाच आवाज, तिचंच बोलणं, आणि रोज सगळ्यांना ते असेच तर ओळखत होते. त्यांनी तार काढून खिशात टाकली आणि बॉनेट अलगद लावलं.

५

दोन वाजता पिशव्या डिक्कीत गेल्या. बायो डोक्यावरून पाणी घेऊन केस विंचरत पायरीवर आली.

"बाबा, मला मोजायला बोलावणार होतात ना? मी कधीची वाट बघतेय. राहिलं की काय?"

क्षणभर मिस्त्रींच्या ओठांवर सगळं आलं होतं. पण आत्ताच कुठं लेकीचा राग उतरला होता. गाडी तर ठीक होती. सकाळपासून तीनदा सुरू करून पाहिली, एक ठोका चुकला नव्हता. आता सांगितलं तर ना ती नोकरीवर जाईल, ना हे गॅरेज राहील.

"झालं सगळं," ते म्हणाले. "मीच बघितला दिवा."

"बघितलात? मग बरंय," बायो म्हणाली, आणि तिच्या आवाजातला तो सुटकेचा सूर ऐकून त्यांना लाज वाटली. "टिंगीला मागं बसवा तेवढं. मी केस बांधते, बूट घालते, आलेच."

त्यांनी नातीला मागच्या सीटवर बसवलं आणि पट्टा आवळला. टिंगीनं त्यांची कॉलर धरून ठेवली.

"आजोबा, तुम्ही पण चला."

"पुढच्या महिन्यात येतोच आहे बघ तुझ्याकडं. तुझ्या आईनं ठरवलंय." त्यांनी तिची बोटं एकेक करून सोडवली, पापा घेतला आणि दार लावलं. ते दार आतून उघडत नाही; तो बंदोबस्त मिस्त्रींनीच केला होता, नात झाली त्या वर्षी.

मग ते मागं जाऊन डिक्की दाबून बघायला लागले. तेवढ्यात पुढचं दार वाजलं आणि इंजिन सुरू झालं. काय सुरेख सुरू झालं! मिस्त्री बाजूला झाले. खिडकीत हिरवं काहीतरी हललं.

"येते हं बाबा."

"सावकाश जा गं. पोचल्यावर फोन कर."

गाडी फाटकातून बाहेर पडली. मागच्या काचेवर धपधप आवाज आला, टिंगी टाटा करत होती. मिस्त्रींनी दोन्ही हात उंच करून हलवले, गाडी वळेपर्यंत.

६

समोर शिंप्याचं दुकान. शिंपी मिस्त्रींच्या वयाचा, पण नजर अशी की सुईत दोरा पहिल्या फटक्यात. तो दुकानाच्या दारात उभा होता.

"गेली का लेक?" तो म्हणाला. "मला हात केला तिनं. पण नात फार रडत होती हो मिस्त्री. काच बडवत होती दोन्ही हातांनी. तोंड नुसतं लालबुंद. मला वाटलं तुम्ही थांबवाल गाडी."

"रडत होती?"

"आजोबांचा लळा, दुसरं काय. पण तुमच्या लेकीनं एकदा मान वळवून बघितलं नाही बघा. पोर एवढी आई, आई करतेय, आणि ही आपली सरळ समोर बघत काहीतरी..."

शिंपी बोलायचा थांबला. तो मिस्त्रींच्या खांद्यावरून मागं बघत होता. त्याच्या हातातली टेप खाली पडली.

"बाबा, गाडी कशाला बाहेर काढलीत?" पायरीवरून बायो म्हणाली. तिच्या एका पायात बूट होता, दुसरा हातात. "फाटकाबाहेर लावलीत का? टिंगीला एकटीला ठेवलंत गाडीत?"

मिस्त्री वळले. पायरीवर हिरवा धुरकट आकार उभा होता. तो त्यांच्याकडं चालत आला, त्यांच्या दंडाला धरून त्यांना हलवायला लागला. ओल्या केसांचा, साबणाचा वास आला, आणि त्या वासानं त्यांना कळून चुकलं.

"बाबा, टिंगी कुठंय? बोला ना. कोण घेऊन गेलं गाडी?"

"तू," मिस्त्री म्हणाले. "तू येते म्हणालीस."

"मी आत होते! तुम्ही बघितलं नाहीत का कोण बसलंय ते? तुमच्या डोळ्यांसमोरून..."

"मला दिसत नाही गं बायो," मिस्त्री म्हणाले. "वर्ष झालं, मला काही दिसत नाही."

तिनं त्यांचा दंड सोडला. मग तिच्या एका बुटाचा आणि एका अनवाणी पायाचा आवाज फाटकातून रस्त्यावर गेला, धावत, टिंगी, टिंगी अशा हाका मारत. शिंपीही तिच्यामागं पळाला. मिस्त्री हात पुढं करून फाटक शोधत चार पावलं गेले आणि थांबले. दूर डोंगराच्या चढावर इंजिनाचा आवाज अजून लागत होता. गाडी कुठंही दम सोडत नव्हती.